‘थोनबुरी’ची एक सकाळ: बँकॉक ते कोह चांग

थायलंडच्या नौदलाची ‘थोनबुरी’ ही किनारासंरक्षक युद्धनौका शत्रूशी, म्हणजे फ्रेंचांशी, लढली ती एकच सकाळ, १७ जानेवारी १९४१ ची. त्या सकाळी तिचा कप्तान गेला, दिवस मावळायच्या आत ती कलंडली, आणि तरीही आज थाई नौदलात तिच्याइतके जपलेले दुसरे जहाज क्वचितच असेल. हे असे का, ते तिच्या पाण्यावर जाऊन पाहावे असे फार दिवस मनात होते. सोबतीला मामा आले. त्यांची सगळी नोकरी भारतीय नौदलाच्या इंजिनरूममध्ये झाली, आता रत्नागिरीला असतात. १७ तारखेला कोह चांग बेटासमोरच्या लाएम न्गोपला पोहोचायचेच, असे ठरवून बाकीचा प्रवास मागे मोजत आखला.

१३ जानेवारी, बँकॉक

सुरुवात ‘थोनबुरी’पासून करता येत नाही, तिच्या बहिणीपासून करावी लागते. ‘श्री अयुध्या’ आणि ‘थोनबुरी’ या दोघी जपानमध्ये कोबेच्या कावासाकी गोदीत बांधल्या गेल्या. ‘श्री अयुध्या’ १९३७ च्या जुलैमध्ये पाण्यात उतरली, ‘थोनबुरी’ १९३८ च्या जानेवारीअखेर. दोघी एकाच आराखड्याच्या. धाकटी समुद्रावर लढून बुडाली आणि थोरली या शहराच्या मधोमध, नदीत.

सकाळी साथोर्नच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट धरली आणि चाओ फ्राया नदीने वर निघालो. आधी मेमोरियल ब्रिज लागतो. १९३२ साली खुला झालेला हा लोखंडी पूल मधोमध उचलता येईल असा बांधला होता. त्याच्या वर डाव्या काठाला, एका कालव्याच्या तोंडाशी विचाइप्रसित किल्ल्याची पांढरी तटबंदी दिसते. हा सगळा परिसर नौदलाचा. पुढे ‘वाट अरुण’ या मंदिराचे उंच शिखर, आणि समोरच्या काठाला राजवाड्याच्या बाजूचा राचावोरादित धक्का.

२९ जून १९५१ ला या राचावोरादित धक्क्यावर समारंभ होता. अमेरिकेने मदत म्हणून दिलेला ‘मॅनहॅटन’ हा गाळ काढणारा ड्रेजर थाई सरकार स्वीकारत होते. पंतप्रधान फील्डमार्शल फिबुन जहाज पाहायला गेले आणि नौदलाच्या बंडखोर अधिकाऱ्यांनी बंदुकीच्या धाकाने त्यांना ताब्यात घेतले. त्यांना नेऊन ठेवले ते ‘श्री अयुध्या’वर. बेत असा की जहाज नदीतून खाली समुद्राकडे काढून न्यायचे. पण मेमोरियल ब्रिज उचलला गेलाच नाही. त्या खालून जायला जागा नाही, माघारी वळायचे तर शहर बंदुका रोखून उभे. दुसऱ्या दिवशी हवाई दलाने, पंतप्रधान आत असताना, ‘श्री अयुध्या’वर बॉम्ब टाकले. जहाज पेटले. फिबुन पाण्यात उतरून पोहत काठाला लागले आणि वाचले. जहाज १ जुलैच्या रात्री विचाइप्रसित किल्ल्यासमोर बुडाले.

मामा बोटीच्या कठड्याला धरून पूल आणि किल्ला यांच्यामधले अंतर डोळ्यांनी मोजत होते. “अगं, एवढ्याशा पात्रात दोन हजार टनांचं जहाज वळवायचं, वरून विमानं, समोर बंद पूल. आतल्या पोरांनी काय करायचं सांग.” बंड करणाऱ्यांचा निर्णय मूठभर अधिकाऱ्यांचा होता. किंमत मात्र साऱ्या नौदलाने मोजली. त्यानंतर नौदलाचे पंख अक्षरशः कापले गेले: त्यांची विमाने हवाई दलाकडे गेली, मनुष्यबळ घटले, राजधानीतला दबदबा संपला.

‘श्री अयुध्या’ जिथे बुडाली तिथे आज ताफेच्या ताफे पर्यटक बोटींतून जातात. तिची एखादी खूण काठावर असेल म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी नजर लावून बसलो होतो. आम्हाला काही दिसली नाही. याचे वाईट वाटते. ज्या जहाजाने काही गुन्हा केला नाही, त्याचे नावही कुठे दिसू नये, हे पटत नाही.

संध्याकाळी व्हिक्टरी मॉन्युमेंटला गेलो. पाच संगिनी उभ्या टेकवाव्यात तसा हा स्तंभ, भोवती गाड्यांचे अखंड रिंगण. तो उभारला १९४०-४१ च्या फ्रान्सबरोबरच्या लढाईच्या आठवणीसाठी, आणि उभारला तो याच फिबुन यांच्या राजवटीत, १९४२ साली. खालच्या कांस्यपुतळ्यांवर इटलीत जन्मलेल्या कोर्राडो फेरोची यांचा हात आहे. थाई लोक त्यांना सिल्पा भीरासी म्हणून ओळखतात. त्या लढाईत पडलेल्यांची ५९ नावे इथे सर्वांत आधी कोरली गेली. ज्या पंतप्रधानांच्या युद्धात ‘थोनबुरी’ गेली, तेच दहा वर्षांनी तिच्या बहिणीवर कैदी होते. दोन जहाजांच्या नशिबाची गाठ एका माणसाशी अशी पडली आहे.

१४ जानेवारी, समुत प्राकान

आज संक्रांत. मामींनी डब्यात तीळगूळ बांधून दिला होता, तो खिशात टाकून पाक नामपर्यंत आकाशरेल्वेने आलो. नदी जिथे समुद्राला मिळते तो हा भाग. इथून फेरीबोटीने पलीकडच्या काठाला गेलो आणि पुढे फ्रा चुलाचोमक्लाओ किल्ल्यावर.

राजा चुलालोंगकोर्न यांनी हा किल्ला बांधवला तो फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या भीतीने. इथे आर्मस्ट्राँग कंपनीच्या सहा इंची तोफा अजून जागेवर आहेत. गोळा सुटला की तोफ धक्क्याने खाली खड्ड्यात बसते, भरली की पुन्हा वर येते. १३ जुलै १८९३ ला ‘आँकोन्स्ताँ’ आणि ‘कोमेत’ ही फ्रेंच जहाजे या तोफांच्या माऱ्यातून नदीत घुसली आणि थेट बँकॉकपर्यंत पोहोचली. सयामला, म्हणजे तेव्हाच्या थायलंडला, मेकाँगच्या डाव्या काठावरचा मुलूख सोडावा लागला. ‘थोनबुरी’ बांधली गेली त्याच्या मुळाशी ही संध्याकाळ आहे. परक्या जहाजाने नदीत शिरून थेट राजधानीत नांगर टाकायचा, ही गोष्ट या नौदलाला कधी विसरता आली नाही.

किल्ल्याशेजारी ‘मेक्लाँग’ ही जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. ‘थोनबुरी’च्याच पिढीतली, जपानच्या उरागा गोदीतली. १९३७ पासून १९९५ पर्यंत ती सेवेत होती. तिच्यावर चढता येते, डेकवर फिरता येते. मामा इतका वेळ खाली उतरायला तयार नव्हते की पहारेकऱ्याने येऊन चौकशी केली. मामांनी हातवाऱ्यांनी आपण इंजिनरूमचे असल्याचे सांगितले आणि त्याच्या तळहातावर तीळगूळ ठेवला. त्याने दोन्ही हात जोडून तो घेतला.

तिथेच डेकवर बसून मामांनी मला ‘थोनबुरी’ समजावून सांगितली. ती खरे तर मोठी नव्हती. लांबी सुमारे ७७ मीटर, वजन २,२६५ टन. पण तिच्यावर चार २०३ मिलिमीटरच्या तोफा होत्या, म्हणजे आठ इंची. पुढच्या बुरुजात दोन, मागच्या बुरुजात दोन. एवढ्या जाडीच्या तोफा त्या काळी दहा हजार टनी क्रूझरवर, म्हणजे मोठ्या वेगवान युद्धनौकेवर, असत.

“मग एवढ्या लहान अंगावर त्या का चढवल्या?” मी विचारले.

मामांनी खाली नदीकडे बोट केले. “ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते. ही नदी बघ. मुखाशी गाळाचा उंचवटा आहे, मोठं जहाज ओलांडून आत येऊच शकत नाही. हिचा ड्राफ्ट चार मीटरच्या थोडा वर. नदीत शिरायचं, उथळ आखातात फिरायचं, आणि तरी मारा क्रूझरसारखा करायचा, असं मागितलं की असंच जहाज मिळतं. मग वेग सोडावा लागतो.”

वेग खरोखरच सोडला होता. दोन डिझेल इंजिने, मिळून ५,२०० अश्वशक्ती, वेग जेमतेम साडेपंधरा नॉट (ताशी सागरी मैल). पण डिझेल ही गोष्ट मामांना फार महत्त्वाची वाटली. वाफेच्या जहाजाला बॉयलर तापेपर्यंत थांबावे लागते. डिझेलचे इंजिन हाक दिली की उठते. हल्ला पहाटे झाला तर हा फरक जीव वाचवू शकतो, असे ते म्हणाले. तीन दिवसांनी लढाईचा क्रम ऐकताना मला हे आठवत राहिले.

दुपारी नदीच्या या बाजूला आलो. सुखुमवित रस्त्यावर नौदल संग्रहालय आहे आणि समोर नौदल अकादमी. संग्रहालयात ‘मच्चानु’ या पाणबुडीचा मधला मनोरा ठेवला आहे. या वर्गाच्या चार पाणबुड्या, त्याही कोबेच्याच, मित्सुबिशीच्या. त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यांत बँकॉकची वीजकेंद्रे बंद पडली, तेव्हा ‘मच्चानु’ आणि ‘विरुन’ या पाणबुड्यांच्या जनित्रांनी शहराच्या ट्रामला वीज पुरवली.

अकादमीच्या फाटकावर पासपोर्ट ठेवून आत गेलो. ‘थोनबुरी’ तिथे आहे. पूर्ण नाही. तिचा पुढचा तोफबुरूज आणि त्यामागचा ब्रिज (जिथून जहाज चालवतात तो मनोरा), एवढा भाग जमिनीवर उभा केला आहे. दोन लांब नळ्या आकाशाकडे किंचित तिरक्या. त्यांच्यामागे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेला पोलादी मनोरा. जिथे कप्तान उभा होता तीच ही जागा. रोज अधिकारी होणारी मुले याच्यासमोरून कवायतीला जातात.

मामा बराच वेळ बुरुजाच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. मुंबईत ‘विक्रांत’ संग्रहालय म्हणून खुली होती तेव्हा ते दरवर्षी जात. २०१४ साली ती दारुखान्यात मोडली गेली, त्यावर ते फारसे बोलत नाहीत. आज बोलले. “सगळं जहाज राखता येत नसेल तर नसू दे. निदान ब्रिज राखायला हवा होता. बघ, यांनी राखला.”

मला त्या दुपारी उमगले की या अवशेषात हार-जीत फारशी महत्त्वाची नाही. जहाज हरले, तरी त्याचा लढलेला भाग यांनी वेगळा काढून, विद्यार्थ्यांच्या नजरेसमोर ठेवला. हे मला फार मोठे वाटते.

१५ जानेवारी, चांथाबुरी

एकमाईच्या बसस्थानकावरून पूर्वेकडची बस. आजचा दिवस प्रवासाचाच. चांथाबुरी रत्नांच्या बाजारासाठी आणि दुरियान या फळासाठी प्रसिद्ध. आम्ही लाएम सिंगला गेलो. तिथे समुद्राजवळ एक विटांची चौकोनी, उंच, खिडक्यांऐवजी फटी असलेली खोली आहे. फ्रेंचांनी १८९३ नंतर बांधलेला तुरुंग. खाली कैदी, वर कोंबड्या, आणि त्यांची विष्ठा खाली कैद्यांच्या अंगावर पडायची, अशी इथली आठवण. फ्रेंचांनी चांथाबुरी १९०४ पर्यंत ताब्यात ठेवले, सोडताना बदल्यात त्रात घेतले. त्रात परत मिळाले ते १९०७ च्या करारात, आणि त्यासाठी सयामला बत्तंबांग, सिसोफोन व सिएम रिएप द्यावे लागले.

ही सगळी देवाणघेवाण नकाशावर कोरडी वाटते. त्या खोलीत दोन मिनिटे उभे राहिले की वाटत नाही.

१६ जानेवारी, त्रात

त्रातच्या जुन्या लाकडी प्रशासकीय इमारतीत आता शहराचे संग्रहालय आहे. इथे कोह चांगच्या लढाईला स्वतंत्र जागा दिली आहे, त्यामुळे उद्याच्या आधी सगळा क्रम नीट लावून घेता आला.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला. इंडोचायनातली फ्रेंच सत्ता एकाकी झाली. बँकॉकमध्ये फिबुन यांनी गेलेला मुलूख परत मागायला सुरुवात केली. वर्षाच्या अखेरीस सीमेवर चकमकी, विमानांचे हल्ले, आणि जानेवारीत थाई सैन्य लाओस आणि कंबोडियात पुढे सरकत होते. जमिनीवर फ्रेंचांना काही साधत नव्हते. गव्हर्नर जनरल देकू हे मूळचे दर्यासारंग, ॲडमिरल. त्यांनी समुद्रावरून घाव घालायचे ठरवले.

त्यासाठी जमवलेल्या तुकडीची मुख्य नौका होती हलकी क्रूझर ‘ला मोत-पिके’. ७,२५० टन, आठ १५५ मिलिमीटरच्या तोफा, वेग ३३ नॉट. सोबत ‘द्युमाँ द्युर्विल’ आणि ‘आमिराल शार्ने’ ही दोन वसाहती जहाजे, आणि ‘ताउर’ व ‘मार्न’ ही पहिल्या महायुद्धाच्या काळातली दोन म्हातारी. सेनापती कप्तान रेझिस बेराँजे. पूलो कोंडोर बेटाजवळ सगळी जमली, आणि टेहळणी विमानाने बातमी आणली की कोह चांगच्या आग्नेयेला थाई जहाजे नांगरून आहेत.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून मामांनी पाठकोऱ्या कागदावर बेट काढले. फ्रेंच तीन बाजूंनी येणार. थाई बाजूला काय? ‘सोंगख्ला’ आणि ‘चोनबुरी’ या दोन टॉर्पेडो नौका, ‘थोनबुरी’, आणि एक-दोन मदतीची लहान जहाजे. ‘श्री अयुध्या’ त्या पाण्यात नव्हती. “पाच विरुद्ध तीन, म्हणजे खरं तर पाच विरुद्ध एक,” मामा म्हणाले. “पण त्या एकीच्या तोफा सगळ्यांत जड.”

रात्री बाजारात भात आणि तळलेले मासे. कोकणातल्यासारखी सुकी मासळी पाहून मामांनी दोन पुड्या बांधून घेतल्या.

१७ जानेवारी, लाएम न्गोप

त्रातपासून लाएम न्गोप सतरा-अठरा किलोमीटर. सोंगथाओ, म्हणजे मागे बाकडी असलेली भाड्याची गाडी, पहाटेच धरली. टोकावर स्मारक आहे: समुद्राकडे तोंड करून प्रिन्स चुंफोन यांचा पुतळा, आणि मागे जहाजाच्या आकाराची संग्रहालयाची इमारत. प्रिन्स चुंफोन हे राजा चुलालोंगकोर्न यांचे पुत्र, इंग्लंडमध्ये नौदलाचे शिक्षण घेतलेले, थाई नौदलाचे जनक मानले जातात. १९२३ साली गेले, तरी किनाऱ्यावर जागोजाग त्यांची देवस्थाने आहेत आणि कोळीसुद्धा नवस बोलतात.

आवारात जत्रा भरली होती. पण पुढच्या भागात सगळे पांढऱ्या गणवेशात. भिक्षूंनी मंत्र म्हटले, पुष्पचक्रे वाहिली गेली, बिगूल वाजला. आमच्या शेजारी एक म्हातारी आजी नातवाला घेऊन उभी होती, हात शेवटपर्यंत जोडलेले.

१९४१ च्या त्या पहाटे सहाच्या सुमारास एक फ्रेंच उडती बोट (पाण्यावर उतरणारे विमान) नांगरलेल्या जहाजांवरून गेली. त्यामुळेच थाई खलाशांना जाग आली, तोफा सुरू झाल्या. पण ‘सोंगख्ला’ आणि ‘चोनबुरी’ अजून नांगरावरच होत्या. वाफेची जहाजे, हलायला वेळ नाही. ‘ला मोत-पिके’ आणि पाठोपाठ बाकीच्यांनी त्यांच्यावर भडिमार केला आणि दोघी सलक फेतच्या उपसागरात बुडाल्या. ‘सोंगख्ला’वर १४ जण गेले, ‘चोनबुरी’वर दोन.

‘थोनबुरी’ मात्र सुटली. इंजिने लागली, नांगर वर आला, आणि साडेसहानंतर ती बेटांच्या मागून ‘ला मोत-पिके’समोर आली. दुप्पट वेगाचे जहाज समोर. दोघींच्या तोफा एकदमच बोलू लागल्या. ‘थोनबुरी’चे गोळे जड, पण संथ. फ्रेंचांचे गोळे हलके, पण जलद. सुरुवातीच्याच माऱ्यात एक गोळा ब्रिजखाली येऊन फुटला आणि कप्तान लुआंग फ्रोम विराफन ठार झाले. समुत प्राकानला ज्या मनोऱ्यासमोर आम्ही उभे होतो तो हाच. सुकाणूची यंत्रणा बिघडली, जहाज उजवीकडे गोल फिरू लागले. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी सूत्रे घेतली. बुरुजातून गोळे सुटतच होते.

इथे तिचा उथळ तळ कामाला आला. ‘थोनबुरी’ लहान बेटांच्या आडोशाने कमी पाण्याकडे सरकत गेली आणि ‘ला मोत-पिके’ला तिच्या मागे शिरणे जोखमीचे झाले. फ्रेंचांनी टॉर्पेडो सोडले, ते लागले नाहीत. पण ‘थोनबुरी’ आतून पेटली होती, एका अंगाला झुकत होती. नऊच्या आधी बेराँजे यांनी माघारीचा हुकूम दिला. थाई विमाने यायला लागली होती, आणि त्यांच्या पाठलागापुढे उथळ पाण्यात रेंगाळणे त्यांना नको होते.

आणि याच वेळी ती गोष्ट घडली जी सांगताना अजूनही घशात काही अडकते. थाई नौदलाच्या इतिहासात नोंद आहे की मदतीला आलेल्या आपल्याच विमानातून एक बॉम्ब ‘थोनबुरी’वर पडला. आधीच जळणाऱ्या जहाजावर. बँकॉकच्या नदीत बुडालेली ‘श्री अयुध्या’ मला त्या क्षणी आठवली. दोघी बहिणींवर आपल्याच देशाच्या विमानांचे बॉम्ब पडले, धाकटीवर चुकून, थोरलीवर ठरवून, दहा वर्षांच्या अंतराने.

पुढे ‘चांग’ या मदतनौकेने तिला दोर लावून लाएम न्गोपकडे ओढले. आग आटोक्यात येईना. तिला उथळात टेकवले, खलाशांना उतरवले, आणि संध्याकाळी पाचच्या आत ती एका कुशीवर कलंडली. तिच्यावर कप्तानांसह २० जण गेले. त्या सकाळी थाई नौदलाचे एकूण ३६ जण पडले.

कोण जिंकले? फ्रेंच आपला विजय सांगतात आणि बुडालेल्या जहाजांचा हिशोब पाहता तो त्यांचाच. थाई नौदल सांगते की शत्रू मुख्य भूमीवर मारा न करताच परतला. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. माझे मत असे की लढाई फ्रेंचांनी जिंकली, आणि तरीही ‘थोनबुरी’ने आपले काम केले. तिला बांधले होते ते याच पाण्यात उभे राहण्यासाठी. कप्तान गेल्यावर, सुकाणू गेल्यावर ती उभी राहिली. अकरा दिवसांनी, जपानच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली. सायगावजवळ ‘नातोरी’ या जपानी क्रूझरवर युद्धबंदीच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि १९४१ च्या मेमध्ये तोक्योत थायलंडला काही मुलूख मिळाला. १९४६ मध्ये तो परत द्यावा लागला. सगळी देवाणघेवाण मागच्यासारखीच फिरली. ते ३६ जण परत आले नाहीत.

१८ जानेवारी, कोह चांग, सलक फेत

आओ थम्माचातच्या धक्क्यावरून गाड्यांच्या फेरीने बेटावर आलो. सगळे पर्यटक पश्चिमेच्या पांढऱ्या वाळूकडे जातात, आम्ही उलट वळलो. पूर्व किनाऱ्याचा रस्ता धान मायोमवरून दक्षिणेकडे, रबराच्या बागांतून, खारफुटीच्या कडेने सलक फेतला जातो. खांबांवर उभी कोळ्यांची घरे, लाकडी वाटा, जाळी वाळत घातलेली, खाली भरतीचे गढूळ पाणी.

एका कोळ्याने त्याच्या होडीतून उपसागराच्या तोंडापर्यंत नेले. इथे ‘सोंगख्ला’ आणि ‘चोनबुरी’ बुडाल्या. या इटलीच्या माँफाल्कोने गोदीत बांधलेल्या, नऊ नौकांच्या वर्गातल्या. ‘सोंगख्ला’वर १४, म्हणजे एवढ्या लहान नौकेवर खूपच. ‘थोनबुरी’चे नाव मोठे झाले, पण त्या पहाटे सर्वांत आधी गोळे झेलले ते या दोघींनी. मला वाटते, लढाईची हकीकत सांगताना इथूनच सुरुवात व्हावी.

होडीतून परतताना मामांनी कोळ्याला खुणेने विचारले की बुडालेले जहाज दिसते का. त्याने नकार दिला आणि पश्चिमेकडे बोट दाखवून ‘चांग, चांग’ म्हणाला. तिथे एक बुडालेले जहाज आहे खरे, आणि पाणबुडे रोज त्यावर उतरतात. पण ते वेगळे: दुसऱ्या महायुद्धात बांधलेले अमेरिकी वाहतूक जहाज, पुढे थाई नौदलात ‘चांग’ म्हणून आले, आणि २०१२ साली प्रवाळ वाढावा म्हणून मुद्दाम बुडवले. १९४१ च्या ‘चांग’शी त्याचा नावापुरता संबंध. इथे येणाऱ्या मंडळींनी ते पाहून ‘थोनबुरी’ची लढाई पाहिली असे समजू नये, म्हणून सांगते.

आणि ‘थोनबुरी’? नौदलाने तिला पाण्यातून वर काढली. मग प्रशिक्षणनौका म्हणून ती वापरात राहिली, आणि १९५९ मध्ये नौदलाच्या यादीतून कमी झाली. ब्रिज आणि बुरूज तेवढा समुत प्राकानला पोहोचला.

तिच्या समोर आलेल्यांपैकी चौघी युद्ध संपायच्या आत गेल्या. ‘ताउर’ १९४४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी पाणबुडी ‘फ्लॅशर’ने बुडवली. ‘ला मोत-पिके’ १२ जानेवारी १९४५ ला अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात सायगावजवळच्या दोनाय नदीत गेली. ‘आमिराल शार्ने’ आणि ‘मार्न’ त्याच वर्षी मार्चमध्ये, जपान्यांनी इंडोचायना ताब्यात घेतल्यावर, त्यांच्याच फ्रेंच खलाशांनी बुडवल्या. ‘द्युमाँ द्युर्विल’ तेवढी उरली.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी: १७ जानेवारीला लाएम न्गोपला पहाटेच पोहोचा, दहानंतर गर्दीत समोरचे दिसत नाही. समुत प्राकानच्या अकादमीत परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा आधी विचारून जा. समोरचे संग्रहालय मात्र नक्की पाहा. सलक फेतला संध्याकाळची सोंगथाओ मिळणे कठीण असते, परतीची व्यवस्था सकाळीच करून ठेवा.